पाण्याखालचा पहिला कॅमेरा : मेगापिक्सेल मागून, अंतर आधी



दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊन आलेला दहावीतला एक मुलगा परवा माझ्याकडे आला. तारकर्लीजवळच्या समुद्रात प्रशिक्षकाच्या सोबतीने तो दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली राहून आला होता आणि तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. "सर, मला पोहता येते. पुढच्या वर्षी मी स्कूबाचे रीतसर शिक्षण घेणार आहे. आजोबा कॅमेरा घेऊन द्यायला तयार आहेत. यांपैकी कोणता घेऊ?" असे म्हणून त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर तीन कॅमेऱ्यांची नावे, किमती आणि मेगापिक्सेलचे आकडे सुबक अक्षरांत लिहिलेले होते.

मी कागद बाजूला ठेवून विचारले, "ज्या माशाचे छायाचित्र तुला घ्यायचे आहे, तो तुझ्यापासून किती अंतरावर असेल?"

तो म्हणाला, "त्याचा काय संबंध, सर? कॅमेऱ्याला झूम आहे की!"

पाण्याखालचा पहिला कॅमेरा घेताना बहुतेकांची चूक होते ती इथेच, असे मला वाटते. जमिनीवरचा अनुभव आपण तसाच्या तसा पाण्यात नेतो. पण पाणी प्रकाश शोषून घेते, त्याला वाकवते आणि विखुरतेही. म्हणून माझे मत असे की, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मागून पाहावे. तो वस्तूच्या किती जवळ जाऊ देतो हे आधी पाहावे. आणि तेवढे जवळ जाण्याची आपली स्वतःची तयारी झाली आहे का, हे त्याच्याही आधी पाहावे. असे मी का म्हणतो ते आता पाहू.

तांबडा रंग कोठे जातो?

'तानापिहिनिपाजा' हे सूत्र तुम्ही पाठ केलेच असेल. पाणी या सात रंगांना सारखी वागणूक देत नाही. ते पहिला घास घेते तो 'ता'चा. शुद्ध पाण्यातून एक मीटर जाताना तांबड्या प्रकाशाचा सुमारे तीस टक्के भाग शोषला जातो, म्हणजे दर मीटरला सत्तर टक्के उरतो. आता गणित करा. पाच मीटर खोलीवर ०.७ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे १७ टक्के. दहा मीटर खोलीवर ३ टक्केसुद्धा उरत नाहीत. निळा प्रकाश मात्र स्वच्छ पाण्यात दहा मीटर गेला तरी बराचसा शिल्लक असतो. म्हणूनच पाण्याखाली सगळे निळसर-हिरवट दिसते. खोलवर एखाद्याचे बोट कापले, तर येणारे रक्तही लाल न दिसता हिरवट-काळपट दिसते. रक्त बदललेले नसते. त्यावर पडायला तांबडा प्रकाशच उरलेला नसतो.

तुम्ही म्हणाल, मग आपण आपला प्रकाश बरोबर न्यावा. बरोबर! पाणबुडे विजेरी किंवा फ्लॅश नेतात ते याचसाठी. पण त्या प्रकाशालाही तीच जकात भरावी लागते, आणि तीही दोनदा. एकदा वस्तूकडे जाताना, एकदा परत येताना. वस्तू एक मीटरवर असेल, तर प्रकाशाचा पाण्यातला प्रवास दोन मीटरांचा होतो आणि तांबड्या प्रकाशापैकी सुमारे ४९ टक्के उरतो. वस्तू दोन मीटरवर असेल तर २४ टक्के, तीन मीटरवर असेल तर जेमतेम १२ टक्के. शिवाय दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, ते वेगळेच. तिप्पट अंतरावर तो एक नवमांश होतो.

आता झूमचा विचार करा. झूम लावले की मासा मोठा दिसेल, पण तुमच्या आणि माशाच्या मधले पाणी तेवढेच राहील. ते पाणी कमी करण्याचा उपाय एकच आहे, तो म्हणजे जवळ जाणे. अनुभवी पाणबुडे छायाचित्रकार एक मीटरच्या आतूनच बहुतेक छायाचित्रे घेतात, याचे कारण तुम्हाला या आकड्यांत सापडेल.

कोणी म्हणेल, आता संगणकावर रंग दुरुस्त करता येतात, मग एवढी चिंता कशाला? रंग दुरुस्त करता येतात हे खरे. २०१९ साली डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रीबिट्झ या शास्त्रज्ञांनी पाण्याचा परिणाम गणिताने काढून टाकणारी एक रीत प्रसिद्ध केली. पण त्या रीतीलाही वस्तूचा प्रत्येक भाग किती अंतरावर आहे हे सांगावे लागते. संगणक आलेल्या प्रकाशाचे प्रमाण बदलू शकतो. जो प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो त्याला आणता येत नाही. भिंगावर लावायच्या लाल काचेचेही तसेच. ती तांबडा रंग वाढवीत नाही, निळा-हिरवा कमी करते. म्हणून उथळ पाण्यात ती थोडीफार उपयोगी पडते, खोलवर निरुपयोगी ठरते.

भिंग कसे असावे?

बादलीतले नाणे वर उचलल्यासारखे दिसते, हा प्रयोग तुम्ही केला असेल. हे वक्रीभवन, तुमच्या पुस्तकात त्यालाच अपवर्तन म्हटले आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. त्यामुळे सपाट काचेमागून पाहिले असता पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आणि त्यामुळे मोठी भासते. कॅमेऱ्यालाही तसेच दिसते, आणि त्याचे दृष्टिक्षेत्र आकसते. हवेत ९० अंशांचा कोन सामावणारे भिंग सपाट काचेमागे पाण्यात सुमारे ६४ अंशच सामावते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्नेलचा नियम वापरून हा आकडा पडताळून पाहावा. ४५ अंशांच्या ज्येला १.३३ ने भागा, त्यावरून मिळणारा कोन दुप्पट करा.

म्हणजे पाणी आपल्याला फुकटात, नको असताना, थोडे झूम देतेच. म्हणून पाण्याखाली दोन प्रकारची भिंगे कामाची. एक रुंद कोनाचे, ज्यामुळे प्रवाळाच्या अगदी जवळ जाऊनही तो पूर्ण मावेल. दुसरे अतिनिकट छायाचित्रणाचे, जे वीतभर किंवा त्याहूनही कमी अंतरावरच्या समुद्री गोगलगायीचे रेखीव चित्र देईल. लांबचे ओढून दाखवणारे भिंग पाण्याबाहेर पक्ष्यांसाठी उत्तम. इथे त्याचे फारसे काम नाही.

मेगापिक्सेलबद्दल एवढेच सांगतो. चित्र किती बिंदूंत विभागले आहे, हे तो आकडा सांगतो. प्रत्येक बिंदूपाशी गढूळ निळा प्रकाशच आला, तर दुप्पट बिंदूंनी दुप्पट गढूळपणा टिपला जाईल!

धुक्यातले दिवे

पावसाळ्यात आंबोली घाटातून गेला असाल, तर धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते हे तुम्ही पाहिले असेल. समुद्रातही तसेच घडते. आपल्या कोकण किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे कण आणि सूक्ष्म प्लवक भरपूर. कॅमेऱ्याला चिकटून असलेला फ्लॅश उडवला की भिंगासमोरचे कण उजळतात आणि छायाचित्रात बर्फ पडल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा की दिवा भिंगापासून दूर, बाजूला धरावा, म्हणजे उजळलेल्या कणांवरून परतणारा प्रकाश सरळ भिंगात शिरत नाही. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशपेक्षा हातभर लांब धरलेली साधी विजेरी कित्येकदा चांगले काम करते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे चार थेंब टाका आणि मागच्या बाजूस एक लाल पेन्सिल उभी करा. खोलीत अंधार करून विजेरी एकदा डोळ्याशेजारी धरून पाहा, एकदा भांड्याच्या बाजूने धरून पाहा. फरक सांगावा लागणार नाही.

पाण्याखाली प्रकाश पुरवण्याची ही खटपट नवी नाही. फ्रान्समधील बान्युल्स येथे लुई बुताँ याने १८९३ साली पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा एकेका चित्राला कधी कधी अर्धा तास प्रकाश द्यावा लागे. १९२६ साली अमेरिकेत फ्लॉरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. त्यासाठी त्यांना पाण्यावरच्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. आज मुठीत मावणारा दिवा तेच काम करतो. साधन लहान झाले आहे, पण पाण्याचा स्वभाव आहे तोच आहे.

दाबाचा हिशेब

आता मोबाइलबद्दल. 'आमचा फोन जलरोधक आहे, आयपी ६८ आहे,' असे अनेकजण सांगतात. ही कसोटी गोड्या, स्थिर पाण्यात, निर्मात्याने सांगितलेल्या थोड्या खोलीवर आणि ठरावीक वेळ घेतलेली असते. फोन हातातून पाण्यात पडला तर वाचावा, एवढ्यासाठी ती आहे. शिवाय ओला पडदा बोटाचा स्पर्श नीट ओळखत नाही. तेव्हा योग्य पेटीशिवाय फोन समुद्रात नेऊ नये.

समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. वीस मीटर खोलीवर पेटीच्या आठ बाय दहा सेंटिमीटरच्या खिडकीवर बाहेरून सुमारे १६० किलोग्रॅमचा भार असतो. एवढा भार बाहेर थोपवायचे काम एक साधी रबरी कडी करते. प्रेशर कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आठवा. ती स्वच्छ आणि लवचीक असली की शिटी होते. तिच्यात शिताचा कण अडकला की बाजूने वाफ जाते. पेटीच्या कडीचेही तसेच आहे. एक केस, वाळूचा एक कण किंवा मिठाचा एक स्फटिक मधे राहिला की पाणी आत शिरलेच म्हणून समजा. म्हणून कॅमेरा वापरलेला, जुना घेतला तरी चालेल, कडी मात्र नवी घ्या. पहिल्यांदा रिकाम्या पेटीत टिपकागद ठेवून, वजन बांधून ती पाण्यात उतरवा. कागद कोरडा राहिला, तरच आत कॅमेरा ठेवा. कोकणच्या दमट हवेत पेटी बंद केली की खाली थंड पाण्यात काचेवर आतून दव धरते. त्यासाठी बाष्प शोषणारी सिलिका जेलची पुडी आत ठेवावी. बाहेर आल्यावर पेटी न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुसून कोरडी केल्यावरच उघडावी.

मग कोणता घ्यावा?

बाजारात ढोबळ मानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, काड्यापेटीहून थोडा मोठा, अंगावर बांधायचा 'ॲक्शन' कॅमेरा. तो रुंद कोनाचा, चालवायला सोपा, चलच्चित्रांसाठी उत्तम. परंतु असे बहुतेक कॅमेरे वीतभर अंतरावरच्या वस्तूचे स्पष्ट चित्र देत नाहीत. दुसरा, खिशात मावणारा मजबूत छोटा कॅमेरा. असे काही कॅमेरे पेटीशिवायही दहा-पंधरा मीटरपर्यंत चालतात, पेटीत घातले की चाळीस मीटरपर्यंत. त्यांत अतिनिकट छायाचित्रणाची सोय असते. तिसरा, भिंगे बदलता येणारा मोठा कॅमेरा. चित्रे अप्रतिम, पण त्याची पेटी कित्येकदा कॅमेऱ्याइतकीच किंवा त्याहूनही महाग, आणि सगळे मिळून एक गाठोडेच होते.

माझे मत दुसऱ्या प्रकाराला. त्यात तीन गोष्टी जरूर पाहा : निकटचे छायाचित्र घेता येते का, 'रॉ' स्वरूपात म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली प्रत मिळते का, आणि पांढरा रंग कोणता हे त्याला पाण्यात दाखवता येते का. त्याला जलरोधक पेटी आणि एक चांगली विजेरी यांची जोड द्या. कॅमेरा पेटीशिवाय पंधरा मीटर चालतो असे लिहिले असले, तरी पेटी घ्याच. घाईत चुकून उघडे राहिलेले एक झाकण सगळा खर्च वाया घालवते. कोणाला फक्त चलच्चित्रेच घ्यायची असतील, तर पहिला प्रकार पुरेसा आहे. तिसरा प्रकार पन्नास-साठ बुड्यांनंतर पाहावा.

परंतु कॅमेऱ्याच्याही आधी

ही गोष्ट त्या मुलाला सांगताना तो थोडा नाराज झाला. तरी ती सांगायलाच हवी.

पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरात प्राणवायू नसून दाबाखाली भरलेली साधी हवा असते. दहा मीटर खोलीवर छाती भरून घेतलेली हवा बॉइलच्या नियमानुसार पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. आता विचार करा, छायाचित्र घेताना आपण नेमके काय करतो? हात हलू नये म्हणून श्वास रोखतो! त्यात मासा वर सरकला आणि त्याच्यामागे आपणही सरकलो, तर फुप्फुसांना इजा होऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. छायाचित्राच्या नादात सिलिंडरातली हवा किती उरली आणि सोबती कोठे गेला, हेही माणूस विसरतो.

दुसरी गोष्ट प्रवाळाची. शरीर पाण्यात तरंगते ठेवण्याची कला साधली नसेल, तर छायाचित्रकार एका हाताने प्रवाळाला धरतो, गुडघा टेकतो, मागे पायातल्या पंखांचा फटका बसतो. कॅरिबियन समुद्रातील सेंट ल्यूशिया बेटावर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅमेरा बाळगणाऱ्या पाणबुड्यांचा प्रवाळाला अधिक वेळा धक्का लागतो असे दिसून आले. भरीव, गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. तुमच्या आजोबांच्या लहानपणापासून वाढत आलेला प्रवाळ एका छायाचित्रापायी क्षणात तुटू शकतो. आपल्या देशात तो तोडणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

मी 'जवळ जा' म्हणतो आणि 'स्पर्श करू नका' असेही म्हणतो. या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या, तर हात बांधून पाण्यात अधांतरी स्थिर राहता आले पाहिजे. हे कॅमेरा शिकवीत नाही, प्रशिक्षक शिकवतो. 'पॅडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार दहाव्या वर्षापासून मोठ्यांच्या देखरेखीखाली हे शिक्षण घेता येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरपेक्षा खोल जाता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की आजोबांच्या पैशांतला पहिला वाटा शिक्षणाच्या फीसाठी ठेवा. पहिल्या दहा-पंधरा बुड्या रिकाम्या हातांनी मारा, नुसते पाहायला शिका. मग कॅमेरा दोरीने अंगाला बांधून न्या, म्हणजे प्रसंगी दोन्ही हात मोकळे राहतील.

छायाचित्र कशासाठी?

शेवटी थोडे शिक्षक मित्रांसाठीही. हा सगळा महागडा छंद आहे, तो विद्यार्थ्यांना कशाला शिकवायचा, असे तुम्हाला वाटेल. छंद महाग आहे हे मान्य. परंतु आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरांचे. तेथे प्रवाळ आहेत, आणि समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांचे असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेला आढळले. आपल्या किनाऱ्यावर काय होत आहे हे कळायचे, तर त्याच ठिकाणची, त्याच अंतरावरून, दरवर्षी घेतलेली छायाचित्रे हवीत. त्यांवर तारीख, जागा आणि खोली लिहिलेली हवी. आणि रंग खरे हवेत. निळ्याशार चित्रात आजारी प्रवाळ कोणता आणि निरोगी कोणता, हे कळणार कसे? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेल्या 'कोरलवॉच' उपक्रमात पाणबुडे रंगांची एक पट्टी प्रवाळाजवळ धरून त्याचा रंग ताडून पाहतात. पांढऱ्या-करड्या प्लॅस्टिकचा एक तुकडा चित्राच्या कोपऱ्यात आला, तरी तेच काम बऱ्याच अंशी साधते. असा तुकडा दहा रुपयांतही मिळेल, आणि लाख रुपयांच्या कॅमेऱ्यालाही तो लागतोच.

छायाचित्र ही शोभेची वस्तू आहे तशीच ती नोंदही आहे. पहिला कॅमेरा नोंद ठेवायला शिकवणारा असावा, एवढेच माझे म्हणणे.

तो मुलगा जाताना आपला कागद घेऊन गेला. आता त्याच्या पाठीमागे एक नवे कोष्टक आहे : अंतर, खोली, आणि उरलेला तांबडा प्रकाश. तुम्हीही ते करून पाहा. दीड मीटर अंतरावरच्या वस्तूवरून विजेरीचा किती टक्के तांबडा प्रकाश परत येईल? उत्तर काढल्यावरच दुकानात पाऊल टाका.